सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागो, १ नोव्हेंबर १९५६ चे दुसरे वचन आधी पाळा

प्रति,
महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या संयुक्त मंत्री समितीचे सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

१४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी दिल्लीत दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणीही दुसऱ्याच्या भूभागावर दावा सांगायचा नाही आणि लोकांच्या अडचणी सोडवायला प्रत्येकी तीन अशा सहा मंत्र्यांनी एकत्र बसायचे, असे तिथे ठरले. त्या सहाजणांच्या खुर्च्यांवर आज आपण आहात. त्या बैठकीनंतर दोन आठवडे उलटायच्या आत बेळगावात भरलेल्या कर्नाटक विधानसभेने आणि नागपुरात भरलेल्या महाराष्ट्र विधानमंडळाने एकमेकांच्या विरुद्ध ठराव केले. दोन्ही एकमताने झाले. ते ठराव करणाऱ्यांच्या भावना खऱ्या असतील, पण सीमेवर राहणाऱ्या माणसाचे एकही काम त्यांनी झाले नाही, म्हणून हे पत्र.

मी चंदगड तालुक्यातला. प्राथमिक शाळेत शिकवण्यात हयात गेली. आमचा तालुका ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. दुसऱ्या दिवशी राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि त्यातून एकटा चंदगड वगळला गेला. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात आलो, शेजारचा खानापूर तिकडे राहिला. व्यवहार मात्र जिथे होते तिथेच आहेत. आमची रताळी आजही बेळगावच्या बाजारात उतरतात. रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले की गाडी आधी बेळगावकडे वळते. लेकी तिकडे दिल्यात, सुना तिकडून आणल्यात. वातावरण तापले की एसटी शिनोळीपर्यंत येते आणि तिथून माघारी फिरते. मग बाजाराला निघालेल्या बाया डोक्यावरचे ओझे सांभाळत हद्द ओलांडतात आणि पलीकडे मिळेल ती वडाप धरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच झाले. भाषेवरून एका बसवाहकाला मारहाण झाली, मग चालकांच्या तोंडाला काळे फासले गेले, आणि दोन्हीकडच्या गाड्या बंद पडल्या. मार खाणारे आणि काळे लावून घेणारे पगारावर पोट असलेले लोक होते. दोन राज्यांच्या भांडणाची किंमत त्यांनी का मोजावी?

आपल्यापैकी अनेकांचा जन्म हा प्रश्न सुरू झाल्यानंतरचा असेल, म्हणून थोडे मागचे सांगतो.

प्रजासत्ताक नवे होते तेव्हा त्याच्या सीमा अजून वाढत होत्या. साडेपाचशेहून अधिक संस्थाने आत आली, १९४८ मध्ये हैदराबाद आले, १९५४ मध्ये पुदुच्चेरीचा कारभार आला, १९६१ मध्ये गोवा आणि १९७५ मध्ये सिक्कीम. एकीकडे देश असा मोठा होत होता आणि दुसरीकडे आतले लोक आपापल्या भाषेचे राज्य मागत होते. दिल्लीला भीती वाटत होती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, त्यामुळे त्या भीतीला मी नावे ठेवणार नाही. १९४८ मध्ये धर आयोगाने सांगितले की निव्वळ भाषेवर राज्ये करणे राष्ट्राच्या हिताचे नाही. १९४९ मध्ये नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनेही सबुरीचाच सल्ला दिला. मग १५ डिसेंबर १९५२ रोजी पोट्टी श्रीरामुलु यांनी उपोषणात प्राण सोडला, आंध्र पेटला, आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला.

पुढचे आपल्या घरातलेच आहे. मुंबईसाठी रक्त सांडले. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणीत गोळ्या चालल्या. तो दिवस सीमाभागात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव, खानापूर, निपाणी बाहेर राहिले.

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या बेळगावासाठी आपण भांडतो ते दोघांच्याही स्वप्नांचे गाव आहे. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात, आणि त्याच वेळी कर्नाटक एकीकरणाची परिषद तिथे भरली होती. १९४६ चे मराठी साहित्य संमेलनही बेळगावातच झाले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच मांडला गेला. कन्नड माणसाला बेळगाव का प्रिय आहे, हे आम्हा मराठी माणसांना कळायला हवे, आणि आम्हाला ते का प्रिय आहे, हे त्यांना.

माझी बाजू लपवत नाही. सीमा ठरवताना गाव हा घटक धरावा, भौगोलिक सलगता पाहावी, बहुसंख्यांची भाषा आणि इच्छा पाहावी, हे महाराष्ट्राचे म्हणणे मला न्याय्य वाटते. ही पद्धत हवेतली नाही. आंध्र आणि मद्रास यांच्यात असाच वाद होता, तेव्हा हरि विनायक पाटसकर या आपल्याच मराठी माणसाने मध्यस्थ म्हणून गाव हा घटक धरून तो सोडवला. संसदेने १९५९ मध्ये कायदा केला, १ एप्रिल १९६० पासून गावे इकडची तिकडे झाली आणि तिरुत्तणी मद्रासमध्ये गेले. कोणाचे राष्ट्र त्यामुळे दुबळे झाले नाही. आमच्या बाबतीत मात्र फजल अली आयोगाने जिल्हा हा घटक धरला आणि त्यात शेकडो गावे सरसकट गेली. पण गाव हा घटक मानायचा तर तो आमच्याही अंगावर येतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत इथली कन्नडबहुल गावे मग काय सांगतील? महाराष्ट्राने सुमारे २६० कन्नड भाषक गावे द्यायची तयारी पूर्वीच दाखवली होती. आजच्या आपल्या सभांमधून ती गोष्ट कोणी बोलत नाही, आणि ती बोलली पाहिजे.

समित्या आजवर कमी झाल्या नाहीत. १९६० मध्ये दोन्ही राज्यांचे दोन-दोन असे चारजण बसले आणि एकमत न होता उठले. १९६६ मध्ये सेनापती बापट उपोषणाला बसले, तेव्हा सरन्यायाधीश राहिलेले मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्यांनी १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, बेळगाव शहर आहे तिथेच ठेवावे असे सुचवले. महाराष्ट्राने ते नाकारले, कर्नाटकाने तोच शेवटचा शब्द मानला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन दशकांहून अधिक काळ तो दावा उभा आहे. निकाल काय लागेल हे मला सांगता येणार नाही. निकाल लागला तरी कुठेतरी एक रेघ राहणारच आणि रेघेच्या चुकीच्या बाजूला काही हजार घरे राहणारच. भारतात अशी एकही भाषिक सीमा नाही जिथे हे झालेले नाही.

या घरांचा विचार त्या तरुण प्रजासत्ताकाने केला होता. मला आपणांपुढे मुख्यतः हेच मांडायचे आहे. राज्य पुनर्रचना कायदा ज्या दिवशी लागू झाला, त्याच १ नोव्हेंबर १९५६ ला संविधानाची सातवी दुरुस्तीही लागू झाली. तिने ३५०क आणि ३५०ख ही दोन कलमे घातली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने सोय करावी, असे पहिले कलम सांगते. दुसऱ्याने या अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी नेमलेला विशेष अधिकारी दिला. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवले होते की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले त्या भाषेची असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. पुढे असेही ठरले की जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील, तिथे महत्त्वाच्या नोटिसा आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करायचे. म्हणजे एका हाताने रेघ ओढली आणि दुसऱ्या हाताने रेघेपलीकडे राहिलेल्यांना शब्द दिला. सीमाभागात १ नोव्हेंबर हा एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी दिलेला हा शब्द दोघांच्याही भाषणांत येत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये श्रीलंकेने फक्त सिंहली हीच राजभाषा असा कायदा केला. पुढे तिथे काय झाले आणि १९८३ पासून २००९ पर्यंत किती माणसे मेली, ते सगळ्यांनी पाहिले. पाकिस्तानने बंगालीला दुय्यम ठरवले, २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या आणि १९७१ मध्ये देशाचे दोन झाले. भारत टिकला, कारण त्याने भाषांना जागा दिली. राज्ये भाषेवर केल्याने देश फुटेल ही धर आयोगाची भीती खोटी ठरली. पण त्या काळची दुसरी भीती अजून शिल्लक आहे. भाषिक राज्यातला बहुसंख्य समाज आपल्याच राज्यातल्या अल्पसंख्याकांवर अन्याय करू शकतो, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्येच दिला होता.

तो अन्याय कसा दिसतो ते सांगतो. माझी आत्या खानापूर तालुक्यात दिलेली. मामंजी गेल्यावर उताऱ्यावर वारसांची नावे चढवायची होती. अर्ज झाला, आणि काही दिवसांनी तालुक्याच्या कचेरीतून नोटीस आली, सगळी कन्नडमध्ये. आत्या मराठी चौथी शिकलेली. रोज पोथी वाचते, हिशेब स्वतः लिहिते. त्या कागदावर तिला फक्त शिक्का आणि गट क्रमांकाचा आकडा कळला. हरकत घ्यायची मुदत दिली आहे की हजर राहायची तारीख, हे तिला समजेना. तिने तो कागद पदरात गुंडाळला आणि शेजारच्या कन्नड घरातल्या पोराकडे गेली. त्याने दोनदा वाचून, मराठीत समजावून, मागच्या कोऱ्या बाजूला तारीख मराठी आकड्यांत लिहून दिली. तारखेला तो तिच्याबरोबर कचेरीतही गेला. तिथल्या कारकुनाला मराठी येत होते, पण तो कन्नडच बोलत राहिला. मुलगा उलथा करून सांगत राहिला. नावे चढली. आत्या आजही त्या पोराला सणाला पुरणपोळी पाठवते. त्या गावात कन्नड आणि मराठी यांच्यात भांडण नाही. त्या कागदावर मराठीच्या चार ओळी का नसाव्यात, एवढाच प्रश्न आहे.

आता इकडचे बघा. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळांवर कन्नड न येणारे मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याच्या तक्रारी झाल्या. अशा शाळेत काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पहिलीची पोरे गप्प बसतात. ती मठ्ठ नसतात. समोरच्या माणसाला आपले बोलणे कळत नाही हे त्यांना दोन दिवसांत कळलेले असते, म्हणून ती गप्प असतात. शिक्षकही बिचारा प्रामाणिक असतो. फळ्यावर चित्र काढतो, खुणा करतो, शेवटी चौथीतल्या एखाद्या मोठ्या मुलीला बोलावून तिच्याकडून विचारून घेतो. ती मुलगी स्वतःचा अभ्यास सोडून दिवसभर दुभाषी होते. बेळगावातल्या मराठी शाळेबद्दल आम्ही गळा काढायचा आणि जतच्या या मुलांकडे पाठ फिरवायची, हे मला शिक्षक म्हणून आणि मराठी माणूस म्हणून सहन होत नाही. जतच्या काही गावांनी २०१२ मध्ये कर्नाटकात जाण्याचे ठराव केले, ते पाणी नव्हते म्हणून. २०२२ मध्ये त्याच ठरावांच्या आधारे कर्नाटकाने गावांवर हक्क सांगितला तेव्हा आम्हाला राग आला. पण पाणी वेळेवर दिले असते तर ठराव झालेच नसते.

महाराष्ट्राला वाटत असेल की दुसरी भाषा फलकावर आली की मराठी कमी होते, तर अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकाचा निकाल आपण वाचावा. मराठीच्या जोडीला उर्दू लिहिल्याने कोणताही कायदा मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले. अक्कलकोटच्या कचेरीत मराठीखाली कन्नड लिहायला तोच न्याय लागू आहे, आणि खानापूरच्या कचेरीत कन्नडखाली मराठी लिहायलाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातल्या सीमाभागातील ८६५ गावांना आरोग्य योजना लागू करायची ठरवली तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. कर्नाटकाने महाराष्ट्रातल्या कन्नड शाळांना मदत जाहीर केली की आमच्याकडे आरडाओरडा होतो. औषध आणि शाळा ज्याला मिळते त्याला ती कोणत्या तिजोरीतून आली याने फरक पडत नाही.

या सगळ्यात महाराष्ट्राने एकदा फार मोठे मन दाखवले होते, आणि ते आज आम्ही विसरलो आहोत. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्र विधानमंडळाने विलीनीकरणाचा ठराव केला, म्हैसूरने त्याच्या उलट सूर लावला. इकडच्या अनेकांना वाटत होते की गोवा आपलाच, निर्णय फक्त जाहीर व्हायचा आहे. गोव्यातल्या लोकांच्या मनात वेगळे होते. कोकणीचे काय होईल, मोठ्या राज्याच्या एका कोपऱ्यातला जिल्हा होऊन नोकऱ्या कोणाला मिळतील, असे प्रश्न ते विचारत होते. मुक्तीनंतर बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांचा अनुभव त्यांना आला होता. दिल्लीने ठरवले की लोकांनाच विचारू. निष्पक्षपणासाठी बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरुद्ध १,७२,१९१.

महाराष्ट्र हरला. त्याने तो कौल मानला. फेरमोजणीसाठी मोर्चे निघाले नाहीत, गोव्याच्या गाड्या अडवल्या गेल्या नाहीत. आणि गोव्याच्या मतदारांनी काय केले पाहा. विलीनीकरण नाकारून दोन-तीन महिने होत नाहीत तोच त्यांनी विलीनीकरणवादी बांदोडकरांनाच पुन्हा निवडून दिले, आणि ते १९७३ मध्ये जाईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झाला, कोकणी राजभाषा झाली, आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली. आज एकही समंजस मराठी माणूस म्हणत नाही की गोवा गेल्याने आपण उणे झालो. नाते टिकले, कारण गोव्याला विचारले गेले आणि उत्तर मानले गेले.

सीमाभागातल्या माणसाला कोणी विचारले नाही. त्याच्याविषयी आयोगाने, संसदेने, विधानसभांनी ठरवले, आता न्यायालय ठरवेल. गावनिहाय कौल घ्यायचा की नाही, हे ठरवणे आपल्या समितीच्या हातात नाही, याची मला जाणीव आहे. पण त्याला रोज काय नडते, हे विचारणे आपल्या हातात आहे.

म्हणून माझे मागणे असे. जिथे १५ टक्के लोक दुसऱ्या भाषेचे आहेत, त्या प्रत्येक तालुक्यात जमिनीच्या, करांच्या, रेशनच्या आणि निवडणुकीच्या नोटिसा दोन्ही भाषांत निघाव्यात, असा एकच मजकुराचा आदेश दोन्ही सरकारांनी एकाच दिवशी काढावा. जत, अक्कलकोटच्या कन्नड शाळांना कन्नड शिक्षक आणि खानापूर, बेळगाव, निपाणीच्या मराठी शाळांना मराठी शिक्षक द्यावेत. गरज पडली तर शिक्षकांची अदलाबदल करावी, दोघांकडेही माणसे आहेत. तणाव कितीही असो, शिनोळी आणि कोगनोळीवरून जाणाऱ्या बसगाड्या बंद करायचा निर्णय कोणा एका राज्याने घेऊ नये, तो दोघांच्या लेखी संमतीनेच व्हावा. चालक-वाहकावर हात टाकणाऱ्यावर, तो कोणत्याही संघटनेचा असो, गुन्हा त्याच्याच राज्याच्या पोलिसांनी नोंदवावा. यातल्या कशानेही न्यायालयातल्या कोणाच्या दाव्याला धक्का लागत नाही, आणि तसे आदेशातच लिहून ठेवता येईल.

आणि बैठका मुंबई, बेंगळुरू, दिल्लीत घेऊ नका. पहिली खानापूरला घ्या, दुसरी जतला. दोन्हीकडे दारे उघडी ठेवा आणि दुभाषी ठेवा. कचेऱ्यांतून आलेले, वाचता न आलेले कागद लोकांना बरोबर आणायला सांगा आणि दिवसभर तेच वाचा. तारीख पंधरा दिवस आधी कळली तर आमच्या भागातल्या गावागावांतून ती पोहोचवायचे काम आम्ही निवृत्त शिक्षक करू. माझ्या आत्याचा कागद मी स्वतः घेऊन येईन, आणि तिच्या शेजारच्या त्या मुलालाही घेऊन येईन.

आपला,
चंदगड तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक